पडू द्या, पण बुडू देऊ नका

नुकतंच चालायला लागलेलं मूल तासाभरात किती वेळा पडतं? घरात विचारलंत तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. आजीच्या मते ते सारखंच पडत असतं. बाबांच्या मते फारसं नाही, कारण ते पडतं तेव्हा बाबा लोकलमध्ये असतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हा हिशेब रीतसर मांडला. १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळायला मोकळी सोडली तर तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात, सुमारे ७०० मीटर चालतात आणि १७ वेळा पडतात. सतरा वेळा पडायचं आणि सतरा वेळा उठायचं, तेही कुणी न सांगता! एवढी चिकाटी पुढे शाळा-कॉलेजात कुठे जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुंबईकराला मात्र आधी जागेचा प्रश्न पडतो. सातशे मीटर चालायचं कुठे? पार्ल्याच्या वन-बीएचकेत सोफा, टीपॉय, कपाट आणि वॉशिंग मशीन मांडून झाल्यावर उरलेल्या फरशीवर? की नेहरूनगरच्या एका खोलीत, जिथे स्वयंपाक, अभ्यास आणि झोप एकाच चटईभोवती उरकावी लागते? सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या. फुटपाथ असला तर फेरीवाल्यांचा, नसला तर कुणाचाच नाही. परिणामी उपनगरातली कितीतरी मुलं चालता येऊ लागल्यावरही दिवसाचा मोठा भाग कडेवर, बाबागाडीत नाहीतर मोबाइलसमोर काढतात. बंगल्यातल्या मुलाला आया खाली ठेवत नाही, कारण लागलं तर नोकरी जाईल. वस्तीतल्या मुलाला सात वर्षांची ताई खाली ठेवत नाही, कारण समोर गटार आहे. दोघांचेही पाय लोंबकळतच राहतात.

या गर्दीत जुहूकरांच्या वाट्याला एक गोष्ट फुकट आली आहे: सुमारे सहा किलोमीटर लांबीची वाळू. संध्याकाळची भेळ, गोळा, फोटोवाले आणि घोडे यांची जुहू चौपाटी मला इथे अभिप्रेत नाही. सकाळी साडेसहा-सातला, ओहोटी असताना जाऊन पाहा. किनारा उताराला मंद असल्यामुळे पाणी बरंच मागे गेलेलं असतं आणि मागे ओल्या, घट्ट वाळूचा सपाट पट्टा उरतो. त्याच्या वरच्या अंगाला कोरडी, भुसभुशीत वाळू असते. चालायला शिकणाऱ्या मुलासाठी या दोन वेगळ्या इयत्ता आहेत. घट्ट वाळूवर पाऊल पडतं तसं उमटतं. भुसभुशीत वाळूत ते रुततं, तोल जातो, मूल बसकण मारतं आणि पुन्हा उठतं. पडून लागत मात्र कुठेच नाही. बूट-मोजे घरी ठेवावेत. अनवाणी तळव्याला जमीन कशी आहे ते कळतं, बोटं पसरून तिला धरू पाहतात. जाड तळव्याच्या बुटात हे होत नाही.

असंच एकदा पाहिलेलं. चौदा-पंधरा महिन्यांची एक मुलगी आजीचं बोट सोडून चारेक पावलं पुढे गेली आणि उकिडवी बसली. समोर वाळूचे बारीक बारीक गोळे नक्षी काढल्यासारखे पसरले होते. इवलेसे खेकडे ओहोटीच्या वेळी वाळूतलं खाणं निवडून घेतात आणि निवडलेली वाळू गोळ्या करून टाकून देतात. जुहूला हे नेहमी दिसतं. मुलीने बोट पुढे नेलं, पण टेकवलं नाही. मान वळवून आधी आजीकडे पाहिलं. आजी जागची हलली नाही. म्हणाली, "खेकडोबांनी लाडू वळलेत गं! बघ हात लावून." मग बोट टेकलं, गोळा फुटला, आणि पुढची दहा मिनिटं त्या पोरीने किनाऱ्यावरचे सगळे लाडू फोडायचं कंत्राट घेतलं.

मान वळवून पाहण्याच्या त्या क्षणावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी अमेरिकेत एका खास टेबलावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर सलग जाड काच, तिच्याखाली अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड आणि अर्ध्या भागात तेच कापड खूप खाली. वरून पाहणाऱ्याला वाटावं की इथे कडा आहे. रांगणारी बहुतेक बाळं आईने पलीकडून बोलावूनही खोल दिसणाऱ्या बाजूला गेली नाहीत. म्हणजे खोलीची जाण त्या वयात असते. खरी गंमत पुढच्या प्रयोगात झाली. १९८५ साली जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी हा 'कडा' मुद्दाम उथळ ठेवला, इतका की वर्षाच्या बाळाला जावं की जाऊ नये हे ठरवता येऊ नये. आयांना बोलायची बंदी होती, फक्त चेहरा करायचा. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ मुलं कडा ओलांडून गेली. चेहरा घाबरलेला होता तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

वर्षाच्या मुलाला "घाबरू नकोस" हे वाक्य कळत नाही, घाबरलेल्या माणसाचा चेहरा मात्र अचूक वाचता येतो. म्हणूनच घसरगुंडीखाली उभं राहून, कपाळावर आठ्या घालून, "ये ये, काही होत नाही" असं म्हणणाऱ्या बाबांचा उपयोग होत नाही. आपल्याकडच्या आज्यांना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होतं. पोर धडपडलं की "अगंबाई, मुंगी मेली बघ! कुठे गेली मुंगी?" असं म्हणून त्याला जमिनीवर मुंगी शोधायला लावायचं. पोर रडायचं विसरून मुंगी शोधू लागतं. ही युक्ती चालते ती आजीचा चेहरा शांत असतो म्हणून. हीच आजी "हात रे जमिनीला!" म्हणून फरशीला चापट्या मारते ते मात्र मला फारसं पटत नाही. फरशीचा काय दोष? पाय कुठे पडला, काय निसटलं, हे पोराला त्या क्षणी कळू शकलं असतं. आपण खटला फरशीवर भरून मोकळे होतो. अर्थात हे माझं मत. फरशीला मारून वाढलेल्या पिढ्या काही वाया गेलेल्या नाहीत.

या वयात आत्मविश्वास म्हणजे न घाबरणं नव्हे. अमेरिकी-कॅनडियन मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडात आणि पुढे बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आया आणि बाळं पाहिली. त्यांना आढळलं ते असं: हाकेला धावून येणारं माणूस जवळ आहे अशी ज्या मुलाची खात्री असते, तेच मूल अधिक लांब जातं, नवी वस्तू अधिक हाताळतं आणि अधूनमधून परत येऊन, मांडीला हात लावून पुन्हा निघतं. आई त्याचा तळ असते. "फार उचललं तर लाडावेल, चिकटून बसेल" हा आपल्याकडचा सल्ला या निरीक्षणांपुढे टिकत नाही. रडण्याला पहिल्या काही महिन्यांत तत्परतेने प्रतिसाद मिळालेली बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती, असंही एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये नोंदवलं. बागेत गेल्यावर आपलं मूल अर्धा तास मांडीवरून उतरलं नाही तर वाईट वाटून घेऊ नये. ते तळ पक्का करत असतं. उतरवून, पाठीत हलकासा धक्का देऊन "जा ना, बघ बाकीची मुलं कशी खेळतात" म्हटलं की तो अर्धा तास पाऊण होतो.

काही मुलं मुळातच सावध असतात. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या बाळांपैकी साधारण पाचातलं एक चार महिन्यांचं असतानाच नव्या आवाजाने, नव्या वस्तूने फार अस्वस्थ होणारं निघालं. ही जन्मजात ठेवण आहे. आईबापांचा अपराध नाही. पण पुढचा भाग घरावर अवलंबून असतो. अशा मुलाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून वाचवलं तर त्याची भीती टिकते, आणि एकदम लाटेत नेऊन उभं केलं तर ती पक्की होते. मधला रस्ता कंटाळवाणा आहे: पहिल्या दिवशी लांबून समुद्र बघायचा, दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूपर्यंत, आठवड्याने आईच्या कडेवरून पायाच्या बोटांना पाणी. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर लाट घेऊन, ते किंचाळत असताना व्हिडिओ काढणारी मंडळी जुहूला दर रविवारी दिसतात. त्या मुलाला त्या दिवशी समुद्राविषयी काय कळलं असेल, याचा विचार व्हिडिओ पाठवण्याआधी व्हावा.

पुन्हा अ‍ॅडॉल्फबाईंकडे. त्यांनी लाकडी उतार तयार केले, हवे तसे कमी-जास्त तिरके करता येणारे, आणि त्यावर मुलं सोडली. पडताना धरायला माणूस जवळ उभं. नुकतीच रांगू लागलेली मुलं अशक्य उतारावरूनही बिनदिक्कत खाली झेपावत. काही आठवडे रांगून झाल्यावर तीच मुलं उताराशी थांबत, हाताने चाचपत, बसून घसरत नाहीतर बेत रद्द करत. शहाणी झाली म्हणावं, तर चालायला लागल्यावर तीच मुलं पुन्हा त्याच अशक्य उतारावर सरळ पाऊल टाकू लागली! रांगताना मिळवलेलं शहाणपण चालताना कामी येत नाही, ते नव्याने मिळवावं लागतं. "काल-परवापर्यंत पलंगावरून नीट पाठमोरा उतरायचा, आज धाडकन पुढेच गेला" ही तक्रार ज्यांनी केली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. म्हणून चालायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायऱ्या, उंबरे, पलंग यांच्यापाशी मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावं, मग मूल कितीही 'तयार' दिसो.

याच मालिकेतला एक प्रयोग प्रत्येक "पडशील, पडशील" म्हणणाऱ्याने ऐकण्यासारखा आहे. दीड वर्षाच्या मुलांना आया एकदा "ये" म्हणाल्या आणि एकदा "नको" म्हणाल्या. उतार उघड सोपा होता तेव्हा मुलांनी "नको"ला जुमानलं नाही. उघड अशक्य होता तेव्हा "ये" म्हटल्यावरही बहुतेक गेली नाहीत. आईचा सल्ला त्यांनी ऐकला तो जिथे स्वतःला अंदाज येत नव्हता तिथेच. दिवसभर सूचनांचा पाऊस पाडला की ऐन गरजेची सूचना त्यात वाहून जाते. "पडशील"ऐवजी "पायरी आहे", "ओलं आहे", "दोन्ही हातांनी धर" असं नेमकं आणि कमी बोलावं.

इथवर वाचून कुणी मुलाला सगळीकडे मोकळं सोडणार असेल तर जरा थांबा. पडण्याचा धोका मुलाला दिसतो, अनुभवाने कळतो. काही धोके मात्र असे असतात की ते मुलाला दिसत नाहीत आणि एकदाच्या अनुभवानंतर दुसरी संधी मिळत नाही. हे दोन प्रकार वेगळे करता आले की अर्धं काम झालं. दुसऱ्या प्रकारच्या धोक्यांपुढे सवय, शिकवण, विश्वास वगैरे काही चालत नाही. तिथे कडी, जाळी आणि कुलूपच लागतं.

मुंबईत यातला पहिला धोका खिडकीचा. खिडकीखाली सोफा किंवा पलंग ठेवायची आपली रीत जागेच्या अडचणीतून आली, पण सोफ्यावर चढता येणारं मूल तिथून खिडकीत चढतंच. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींमधून मुलं पडण्याच्या घटना वाढल्यावर १९७२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने मोहीम काढली आणि १९७६ मध्ये १० वर्षांपर्यंतचं मूल राहत असलेल्या भाड्याच्या घरांत खिडक्यांना गज बसवणं सक्तीचं झालं. मोहिमेमुळे पडण्याच्या घटना घटल्या. आपल्याकडे ग्रिल बहुतेक घरांना असतं, पण दोन गजांत ४ इंचांहून जास्त फट नको, आडव्या पट्ट्यांची शिडी नको, आणि बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये मुलाला खेळायला बसवणं तर मुळीच नको. ते कुंड्यांसाठी लावलेलं असतं आणि त्याचे स्क्रू खाऱ्या हवेत कधी गंजले हे कुणी पाहिलेलं नसतं.

दुसरा धोका बादलीचा. पाण्याची वेळ झाली की पिंप, बादल्या, टब भरून ठेवणं हा मुंबईच्या गृहिणीचा नित्यनेम. एक-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं धडाच्या मानाने जड असतं. बादलीत पडलेली वाटी काढायला ते वाकतं, डोकं आत जातं, आणि हाताच्या जोराने स्वतःला वर उचलणं त्याला जमत नाही. दोन-चार इंच पाणीही पुरतं. आवाज होत नाही, ओरडणं होत नाही. म्हणून बादली उलटी, पिंपाला घट्ट झाकण, मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी. बांगलादेशात पाच वर्षांखालची मुलं तळ्याबिळ्यांत बुडण्याचं प्रमाण फार मोठं होतं. तिथे गावोगाव 'आंचल' नावाची पाळणाघरं काढली गेली आणि आया कामात असतात त्या सकाळच्या वेळात मुलं तिथे राहू लागली. मृत्यू लक्षणीय घटले. तिथे मुलांना शिकवण्याने किंवा आयांना धाक घालण्याने जे साधलं नसतं ते एका नजर ठेवणाऱ्या माणसाने साधलं.

चणे-शेंगदाणे हा तिसरा, आणि चौपाटीवर तर हमखास. कागदाच्या पुडीतला एखादा दाणा "घे रे बाळा" म्हणून पुढे होतो. दाढा न आलेल्या मुलाला तो चावता येत नाही. हसताना, धावताना दाणा श्वासनलिकेत गेला की ऐन रविवारी रात्री हॉस्पिटल गाठून दुर्बिणीने काढावा लागतो. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेतून निघणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा आघाडीवर असतो. चार वर्षं पुरी होईपर्यंत अख्खा दाणा, अख्खं द्राक्ष, चणा देऊ नये. कूट करून द्या, चिरून द्या. दाणा अडकलाच तर घशात आंधळेपणाने बोट घालू नये, तो आणखी आत जातो. पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध थापट्या मारण्याची रीत बालरोगतज्ज्ञाकडून एकदा हाताने शिकून घ्यावी. वाचून ती येत नाही.

राहिला समुद्र. मुंबईला दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी सातला मिळालेली मोकळी वाळू पुढच्या आठवड्यात सातला पाण्याखाली असू शकते. भरती-ओहोटीच्या वेळा पेपरात आणि मोबाइलवर सहज मिळतात. घरून निघण्याआधी पाहाव्यात आणि ओहोटी सुरू असतानाच जावं, ती संपत आली की परत फिरावं. पावसाळ्यात लहान मुलाला पाण्याजवळ नेऊच नये. जून ते सप्टेंबर लाटा अंदाज चुकवतात, आणि याच दिवसांत ब्लू बॉटल नावाचे निळसर, फुग्यासारखे समुद्रजीव वाळूवर येऊन पडतात. दिसायला ते फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे, म्हणजे मुलाला हमखास उचलावेसे वाटणारे, आणि मेल्यावरही त्यांचे धागे डसतात. डसलंच तर समुद्राच्या पाण्याने धुवावं, चोळू नये आणि डॉक्टरकडे न्यावं. गणपतींनंतरचे काही दिवस मूर्तींचे अवशेष, खिळे, तारा वाळूत असतात, तेव्हा अनवाणीपणा बाजूला ठेवावा. जुहूच्या खडकाळ भागातलं जीवन पाहायचं असेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनारफेऱ्या घडवतात. दीड वर्षाच्या मुलाला तो खडक निसरडा आहे, पण आईबापांनी एकदा जाऊन यावं. पोराला दाखवायला काय काय आहे ते कळेल.

एवढे दरवाजे बंद केल्यावर बाकीचे सगळे उघडे ठेवावेत. इथे मला एका जुन्या वस्तूची वकिली करायची आहे: पांगुळगाडा. लाकडाचा, चाकांचा, मागे उभं राहून ढकलायचा. दुकानांतून त्याची जागा बसायच्या प्लॅस्टिक वॉकरने घेतली आणि इथे आपण चांगली वस्तू देऊन वाईट घेतली. बसायच्या वॉकरमध्ये मूल लोंबकळतं, पायाच्या चवड्यांनी जमीन मागे ढकलतं, स्वतःचं वजन पेलायला शिकत नाही. शिवाय एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतं, म्हणजे आई वळेपर्यंत पायऱ्यांशी. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरची विक्री आणि आयात बंद केली, अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना बंदीची मागणी करत आली आहे, आणि आपल्याकडे बारशाला तोच भेट म्हणून येतो. पांगुळगाड्यात मूल स्वतः उभं राहतं, स्वतः ढकलतं, दमलं की सोडून बसतं. आणि घाई नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ साली जाहीर केलं की निरोगी मुलं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागतात. काही निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. शेजारच्या मुलीने दहाव्या महिन्यात पाऊल टाकलं म्हणून आपल्या मुलाला दोन्ही हात धरून चालवत नेण्याचं कारण नाही. अठरा महिने झाले तरी चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

घराच्या आत काय? यासाठी मराठी माणसाला बाहेर पाहायची गरज नाही. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, दादरला शिशुविहार ही शाळा उभी केली आणि १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला जाऊन ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तेही समुद्रकाठचंच गाव. महाग मोंटेसरी साहित्य तिथे परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणारी मुलं कुरणात असत, तर शाळा कुरणात भरली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंची आणि मोंटेसरीबाईंची भूमिका एकच: मुलाला खोटी खेळणी नकोत, खरं काम हवं, आणि ते त्याच्या हाताला पेलेल अशा मापात हवं.

दीड वर्षाच्या मुलाच्या मापाचं काम स्वयंपाकघरात भरपूर आहे. कांदे-बटाटे पिशवीतून टोपलीत टाकणं. मेथीची जुडी विस्कटणं, ज्याला ते निवडणं समजतं. छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं आणि सांडलेलं फडक्याने पुसणं. खालचा एक खण त्याचा: डबे, झाकणं, पळ्या, चाळणी. त्या खणाला बंदी नाही म्हटल्यावर सुरीच्या खणाला असलेली बंदी त्याला लवकर समजते. आणि काम झाल्यावर "किती हुशार गं माझं बाळ" यापेक्षा "सगळं पाणी पुसलंस की!" म्हणावं. एलिझाबेथ गंडरसन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १४ ते ३८ महिन्यांच्या वयात ज्या मुलांच्या आईबापांच्या कौतुकात प्रयत्नांना जास्त वाटा होता, ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड गोष्टींकडे जास्त उमेदीने पाहत होती.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट खटकत राहते. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं व्हावं लागतं, आणि बाळंतपणाची रजा सहा महिन्यांत संपते. मधली अडीच वर्षं, म्हणजे नेमकी पडण्या-उठण्याची वर्षं, कामाला जाणाऱ्या आईने काय करायचं? २०१७च्या मातृत्व लाभ (सुधारणा) कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं, पण जुहूच्या बंगल्यांत भांडी घासणाऱ्या बाईची आस्थापना कुठली? मुंबईत १९७२ पासून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था बांधकामांच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत आली आहे. असं काही उपनगरातल्या प्रत्येक वस्तीत हवं.

बागांचंही तेच. महापालिकेच्या उद्यानांत घसरगुंड्या आणि झोपाळे पाच वर्षांपुढच्या मुलांच्या मापाचे असतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी फूटभर उंचीचा मातीचा उंचवटा, वाळूचा हौद, एक आडवा ओंडका इतकंही पुरतं, आणि त्याला खर्च फारसा नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबर अखेरपर्यंत होतात. यंदाच्या सभेत एका गाडीच्या पार्किंगची जागा, फरसबंदी उखडून, गेट लावून, लहान मुलांसाठी मोकळी करण्याचा ठराव मांडा. विरोध होईल, ठराव तरीही मांडा, आणि सभेला पोराला घेऊन जा.